आधी टेबल शोधा, मग हरकत घ्या

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत बसथांबा आहे, बस नाही.

नगरपालिका-महापालिकांकडे सोपवता येतील अशा अठरा विषयांची ही यादी. ७४व्या घटनादुरुस्तीने ती आली आणि १ जून १९९३ पासून लागू झाली. पहिला विषय नगर नियोजन, दुसरा जमिनीचा वापर आणि बांधकामांवर नियंत्रण, चौथा रस्ते आणि पूल. सतराव्या क्रमांकावर दिवाबत्ती, वाहनतळ, बसथांबे आणि सार्वजनिक सोयी एकाच ओळीत बसवल्या आहेत. त्या थांब्यावर बस कधी यावी, तिचं तिकीट किती असावं, याविषयी यादी गप्प. शिवाय हे विषय द्यावेतच, असंही घटना म्हणत नाही. राज्याचं विधिमंडळ ते 'देऊ शकेल', एवढंच म्हणते.

रस्त्याची, वाहतुकीची किंवा जमिनीवरच्या आरक्षणाची तक्रार घेऊन निघालेल्या माणसाला या 'शकेल'ची किंमत पायांनी चुकवावी लागते. एक खिडकी सांगते, हे आमच्याकडे येत नाही. दुसरी सांगते, आता उशीर झाला. पहिलं उत्तर चुकीच्या टेबलामुळे मिळतं, दुसरं चुकलेल्या वेळेमुळे. मुद्दा खरा असूनही लोक हरतात ते बहुतेक या दोनच कारणांनी. म्हणून मुद्दा कसा मांडावा यापेक्षा तो कुठे आणि कधी मांडावा, यावरच इथे जास्त लिहितो.

उदाहरणं पुण्याची घेतो, कारण तिथले जिने मी चढलो आहे. मुंबईला १८८८चा स्वतःचा अधिनियम आहे, बाकीच्या महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, लहान शहरांतल्या नगर परिषदांना १९६५चा. विकास आराखड्याचा कायदा मात्र सगळ्यांना एकच, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६. कार्यालयात त्याला 'एमआरटीपी' म्हणतात. तुम्हीही तेच म्हणा. पूर्ण नाव घेतलं की समोरचा ओळखतो, गडी नवीन आहे.

एका चौकाचे किती मालक?

पुण्यातला विद्यापीठ चौक घ्या. तिथला उड्डाणपूल जुलै २०२० मध्ये पाडला, कारण हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोला आणि नव्या दुमजली पुलाला जागा हवी होती. पुढची काही वर्षं त्या चौकात अडकलेला जवळजवळ प्रत्येक जण महापालिकेच्या नावानं बोटं मोडत होता. आता पाहा. ती मेट्रो आणि तो पूल हे पीएमआरडीएचं काम, म्हणजे २०१५ साली स्थापन झालेल्या, राज्य सरकारच्या अखत्यारीतल्या प्राधिकरणाचं. गणेशखिंड रस्त्याचं रुंदीकरण आणि त्यात येणारी झाडं महापालिकेकडे. कुठला फाटा बंद आणि कुठे वळसा घ्यायचा, हे ठरवणार वाहतूक पोलीस, ते गृहखात्याचे. तिथून जाणारी बस पीएमपीची. वनाज-रामवाडी आणि पिंपरी-स्वारगेट या मेट्रो मार्गिका पुन्हा वेगळ्या, केंद्र आणि राज्याच्या भागीदारीतल्या महामेट्रोच्या. कात्रज-देहूरोड बाह्यवळणावर गेलात की राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. आणि रिक्षानं जायचं म्हटलं तर भाडं ठरवतं प्रादेशिक परिवहन प्राधिकरण, ज्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी.

हे पाठ करायची गरज नाही. आपल्या भागातल्या एकेका रस्त्यासाठी एकच प्रश्न लेखी विचारून ठेवायचा: हा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे? 'ताबा' हाच शब्द वापरा. 'जबाबदारी कोणाची' असं विचारलं की उत्तर गोलमोल येतं. ताब्याचं उत्तर एका ओळीत द्यावं लागतं. क्षेत्रीय कार्यालयातल्या पथ विभागाच्या कनिष्ठ अभियंत्याला ते तोंडी माहीत असतंच, पण कागदावर घ्या. राज्य महामार्ग, सार्वजनिक बांधकाम खात्याचा रस्ता आणि महापालिकेचा रस्ता यांच्या हद्दी डांबरावर दिसत नाहीत, खड्डा मात्र नेमका त्या हद्दीवरच पडतो, असा माझा अनुभव आहे.

बसचं काय? पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी २००७ मध्ये एकत्र करून पीएमपीएमएल, म्हणजे बोलण्यातली पीएमपी, ही कंपनी केली. तिचा तोटा दोन्ही महापालिका साठ-चाळीस या प्रमाणात उचलतात. संचालक मंडळावर दोन्ही महापौर आणि दोन्ही आयुक्त असतात, रोजचा कारभार मात्र कंपनीचे अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक पाहतात. म्हणजे तुमचा नगरसेवक एखादी फेरी वाढवण्याचा हुकूम देऊ शकत नाही. त्याच्या हातात असलेली गोष्ट वेगळी आहे: संचलन तुटीचा पैसा महापालिकेच्या अंदाजपत्रकातून जातो. बसबद्दल नगरसेवकाला गाठायचं असेल तर अंदाजपत्रकाच्या आधी गाठा, एरवी आगार व्यवस्थापकाला.

आगाराला जाताना सह्यांचं बाड नेऊ नका. एका दुसऱ्याच शहरातली गोष्ट आहे. तिथल्या एका वसाहतीनं चारशे सह्यांचं निवेदन दिलं. फोटो छापून आला, बस आली नाही. मग बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ सहा दिवस सकाळी साडेसात ते साडेनऊ थांब्यावर वही घेऊन बसले. वेळापत्रकात कुठली बस होती, कुठली आली, किती उशिरा आली, किती माणसं चढू शकली नाहीत. त्या वहीचा एक पानाचा तक्ता दिला आणि दोन फेऱ्या परत सुरू झाल्या. आगारातल्या माणसाला वरिष्ठांसमोर ठेवायला काहीतरी लागतं. सह्या ठेवता येत नाहीत, तक्ता ठेवता येतो.

एकेरी वाहतूक, नो पार्किंग, जड वाहनांना बंदी हे निर्णय मोटार वाहन कायद्याखाली निघतात. पुण्यात असा आदेश बहुधा आधी 'तात्पुरत्या स्वरूपात, प्रायोगिक तत्त्वावर' निघतो आणि वाहतूक शाखेच्या उपायुक्तांकडे सूचना मागवल्या जातात. बातमी आतल्या पानावर चार ओळींची असते. मुदत संपली की प्रयोग कायम होतो. दुकानदार या मुदतीवर लक्ष ठेवून असतात, त्या रस्त्यावरून शाळेत चालत जाणाऱ्या मुलांचे पालक सहसा नसतात. त्यामुळे फायलीत दुकानदारांच्या हरकती सापडतात आणि निर्णय कोणाच्या सोयीचा होतो, ते सांगायला नको.

आराखडा वाचता आला पाहिजे

सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी वाचला जाणारा कागद म्हणजे विकास आराखडा, बोलीभाषेत डीपी. वीस वर्षांत एकदा तो सुधारायचा असतो. पुण्याचा आधीचा आराखडा १९८७चा. सुधारणेचं काम २००७ मध्ये सुरू झालं, प्रारूप प्रसिद्ध झालं २०१३ मध्ये, त्यावर सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या, सात जणांच्या नियोजन समितीपुढे सुनावण्या झाल्या. मुख्य सभेला मुदतीत काम संपवता आलं नाही म्हणून मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारनं आराखडा महापालिकेच्या हातून काढून घेतला, तीन अधिकाऱ्यांच्या समितीकडे दिला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाचा सर्वात महत्त्वाचा अधिकार कॅलेंडर चुकल्यामुळे गेला. त्याबद्दल शहरात फारसं कोणी हळहळलं नाही, हे मला अजून खटकतं.

आराखड्याचे टप्पे असे. आधी 'इरादा' जाहीर होतो. मग विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो, म्हणजे आज जागेवर काय आहे याची नोंद. त्यावर बेतून प्रारूप आराखडा. प्रारूप प्रसिद्ध झालं की कायद्यानं हरकतींसाठी साधारण तीस दिवस, मुंबईला साठ. नेमकी शेवटची तारीख जाहिरातीत असते, तीच खरी. त्यानंतर नियोजन समितीची सुनावणी, बदलांसह मुख्य सभा, मग सरकार. सरकार काही भाग मंजूर करतं आणि जिथे मोठे बदल सुचवतं तो भाग वगळून पुन्हा हरकतींसाठी प्रसिद्ध करतं. या दुसऱ्या फेरीची बातमी फारच थोड्यांना लागते.

लोक जागे होतात ते प्रारूपाच्या वेळी. माझ्या मते खरी वेळ त्याआधीची, विद्यमान जमीन वापराची. तुमच्या गल्लीतलं मुलांचं मैदान त्या नकाशात 'मोकळी जागा' म्हणून रंगवलं गेलं, तर पुढच्या वीस वर्षांचं नियोजन त्या चुकीवर उभं राहतं. प्रारूप करणारा अधिकारी जागेवर येत नाही, तो नकाशाच पाहतो. मुंबईत फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूपात उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते, वारसा वास्तूंच्या नोंदी सुटल्या होत्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा नव्यानं करायला लावला, २०१६ मध्ये दुसरा आला आणि अखेर २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. मसुदा मागे गेला तो चुका कुठल्या पत्रकावर, कुठल्या रस्त्यावर आहेत, हे लोकांनी बोट ठेवून दाखवल्यामुळे.

तर नकाशा कसा वाचायचा? आधी घरातली कागदपत्रं काढा आणि आपला सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर लिहून घ्या. फ्लॅटच्या खरेदीखतात तो असतो, पण आपण तो शेवटचा कधी पाहिला होता ते आठवत नाही. सोसायटीचं नाव नकाशात सापडणार नाही, हा नंबरच सापडेल. मग महापालिकेच्या बांधकाम विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. नाममात्र शुल्क असतं. रंगांचा गोंधळ होऊ देऊ नका, कोपऱ्यातली सूची पाहा. घराच्या चारही बाजूंचे रस्ते पाहा आणि त्यांची आजची रुंदी व प्रस्तावित रुंदी वेगवेगळी लिहा. आरक्षणाला क्रमांक असतो आणि प्रयोजन असतं, दोन्ही टिपा. 'बागेचं आरक्षण उठलं' अशी आवई उठते तेव्हा बऱ्याचदा आरक्षण तिथेच असतं, फक्त प्रयोजन बदललेलं असतं.

एखादा रस्ता आज जागेवर नाही म्हणून तो नाहीच, असं समजू नका. शहराभोवती सुमारे ३६ किलोमीटरच्या वर्तुळाकार उन्नत मार्गाची रेघ पुण्याच्या १९८७च्या आराखड्यात होती. बालभारती ते पौड फाटा हा विधी महाविद्यालयाच्या टेकडीवरून जाणारा रस्ताही तसाच जुना. या रेघा दशकानुदशकं कागदावर झोपलेल्या असतात. एखाद्या अंदाजपत्रकात त्यांच्यासाठी तरतूद पडते आणि त्या उठून बसतात. तेव्हा 'हा रस्ता आला कुठून' असं विचारणाऱ्याला उत्तर मिळतं, आराखड्यातच होता. ते उत्तर खरं असतं.

हरकतीचा नमुना

माझी पहिली हरकत दोन पानांची होती. टेकडी, पक्षी, पुढच्या पिढ्या, सगळं होतं. कुठल्या शहरात ते जाऊ द्या. सुनावणीला माझा नंबर आला तेव्हा समितीतल्या एका सदस्यानं मान वर न करता विचारलं, "सर्व्हे नंबर?" माझ्याकडे नव्हता. "मागणी काय आहे?" रस्ता नको, म्हणालो. "कुठून कुठपर्यंतचा?" तेही लिहिलेलं नव्हतं. माझ्यामागे एक आजोबा होते, प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा घेऊन आलेले. ते म्हणाले, "साहेब, तुमच्या रस्त्यात माझी चालू विहीर आहे." मोजणीचा नकाशा पुढे सरकवला. समितीनं दोन मिनिटं त्या नकाशात डोकं घातलं. मला मिळाले होते चाळीस सेकंद.

तेव्हापासून मी हरकत पाच ओळींत बसवतो. पहिल्या ओळीत नकाशाचं पत्रक क्रमांक, सर्व्हे नंबर, रस्त्याची रुंदी किंवा आरक्षण क्रमांक. दुसऱ्या ओळीत आराखडा काय म्हणतो. तिसरीत जागेवर काय आहे, सोबत फोटो किंवा उतारा. चौथीत त्यामुळे काय बिघडतं, तेही मोजता येईल असं: इतक्या सदनिका, इतकी झाडं, शाळेचं फाटक इतक्या फुटांवर. पाचवीत मागणी, आणि ती 'रद्द करा' एवढीच नको. पर्याय द्या. बारा मीटरऐवजी नऊ मीटर ठेवा, आखणी पूर्वेच्या मोकळ्या जागेतून न्या, बागेचं आरक्षण कायम ठेवून वाहनतळ त्याखाली घ्या. समितीला 'होय' म्हणायला सोपी जाईल अशी मागणी असावी. शेवटी 'प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी' हे लिहायला विसरू नका.

छापील नमुन्यावर नावं बदलून दिलेल्या हजार हरकती एकत्र बांधून एकाच विषयाखाली ऐकल्या जातात. त्यांचा राजकीय उपयोग असतो, तो मी नाकारत नाही. पण हजारांतल्या दहा तरी स्वतंत्र, वेगवेगळ्या मुद्द्यांच्या असाव्यात: एक वाहतुकीवर, एक पाण्याच्या निचऱ्यावर, एक अग्निशमनाच्या गाडीच्या वाटेवर. नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे चारपर्यंत तज्ज्ञ असतात. तज्ज्ञांना मुद्दा लागतो, सदस्यांना संख्या. दोघांची सोय करा.

मागच्या दारांवर लक्ष

आराखडा वीस वर्षांनी येतो आणि गाजतो. मधल्या काळात बदल लहान दारांनी होतात.

एमआरटीपीचं कलम ३७ हे त्यातलं सर्वात वापरातलं. एखाद्या भूखंडाचा विभाग बदलणं, आरक्षण हलवणं, अशा 'किरकोळ' फेरबदलासाठी ते आहे. हरकतींना एक महिना असतो. फेरबदलाचा प्रस्ताव महापालिकेचा असेल तर हरकत आयुक्तांकडे. सरकारनंच प्रस्ताव काढला असेल तर सूचनेत ज्या अधिकाऱ्याचं नाव असेल, बहुधा नगर रचना विभागाचे सहसंचालक, त्यांच्याकडे. चांगल्या हरकती महापालिकेच्या आवक खिडकीत दिल्या गेल्या आणि मोजल्याच गेल्या नाहीत, असं होतं. सूचनेतली शेवटची दोन वाक्यं वाचायची सवय लावली तर हे टळतं.

दुसरं दार महानगरपालिका अधिनियमातलं कलम २१०, रस्त्याची नियमित रेषा. यात आराखड्याला हातही न लावता रस्ता रुंद ठरवता येतो: आयुक्तांचा प्रस्ताव, जाहीर नोटीस, एक महिना, स्थायी समितीची मान्यता. २०२० मध्ये, टाळेबंदीतून शहर नुकतं डोकं वर काढत असताना, पुण्यात सहा मीटरचे तीनशेहून अधिक रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव याच कलमाखाली स्थायी समितीनं मान्य केला. रस्ता नऊ मीटरचा झाला की त्यावरच्या इमारतींना जादा बांधकाम मिळू शकतं. जुन्या, लहान सोसायट्यांना पुनर्विकासासाठी ते हवं होतं आणि त्यात गैर काही नाही. पण तुमची सोसायटी ज्या बाजूला आहे त्याच बाजूनं जागा जाणार की समोरून, हे त्या एका महिन्यातच विचारायचं असतं.

तिसरं दार पुन्हा एमआरटीपीतलं, कलम १२७. आराखडा मंजूर झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत कारवाई झाली नाही तर आरक्षण संपतं. मालकाच्या बाजूनं हा न्यायच आहे. कोणाची जमीन जन्मभर अडकवून ठेवायची? पण शेजाऱ्यांसाठी ही टिकटिक चालू असते. पुण्याच्या २०१७च्या आराखड्यानं नव्यानं टाकलेल्या आरक्षणांची दहा वर्षं २०२७ मध्ये भरतात. जुन्या आराखड्यातून चालत आलेल्यांचा हिशेब किचकट आहे, तिथे जाणता वकील गाठा. तुमच्या भागातलं मैदान, दवाखाना किंवा शाळेचं आरक्षण अजून ताब्यात आलेलं नसेल, तर भूसंपादनासाठी तरतूद मागणारं पत्र आज द्या. नोटीस आल्यावर धावपळ करून पैसे उभे राहत नाहीत.

बांधकामाचे नियम मात्र आता मंत्रालयातूनच येतात. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि आणखी काही अपवाद सोडून राज्यभर एकच विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. त्याआधी प्रत्येक शहराची आपापली होती. आता बाजूला किती जागा सोडायची, वाहनतळ किती हवा, या प्रश्नांवर मुख्य सभेत भाषणं होतील, पण बदल नगर विकास खात्यात होईल.

सभागृहाची भाषा

सभेचं विषयपत्र हातात पडलं तरी ते वाचायला एक छोटा कोश लागतो. 'तहकूब' म्हणजे आज नको. 'एक महिना पुढे' म्हणजे कोणाशी तरी बोलणं बाकी आहे. 'अभिप्रायार्थ आयुक्तांकडे' म्हणजे समितीला अंगावर घ्यायचं नाही. 'दप्तरी दाखल' म्हणजे विषय मेला, तुम्ही मात्र जिवंत ठेवायचा असेल तर नव्या प्रस्तावाची मागणी करा. 'आयत्या वेळचा विषय' दिसला की कान टवकारा. आणि 'उपसूचनेसह मान्य' असेल तर मूळ ठराव वाचून थांबू नका. खरा निर्णय त्या उपसूचनेत असतो.

स्थायी समिती सोळा जणांची असते, तिजोरीच्या किल्ल्या तिच्याकडे. मुख्य सभा मोठी आणि आवाजी. पुण्यात आराखड्याशी आणि जागांशी संबंधित विषय आधी शहर सुधारणा समितीत जातात. वृत्तपत्रं मुख्य सभेला हजर असतात, तुम्ही शहर सुधारणा समितीवर नजर ठेवा. ठराव मंजूर झाला म्हणजे संपलं, असंही नाही. मार्च २०१८ मध्ये पुण्याच्या मुख्य सभेनं मोठ्या गोंधळात पार्किंग धोरण मंजूर केलं. शहरभर पैसे भरून गाडी लावायची पद्धत काही आली नाही. उलट बाजूनं, महापालिकेचा ठराव कायद्याच्या विरोधात वाटला तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य सरकार तो निलंबित करून पुढे विखंडित करू शकतं. तुमच्या विरोधात गेलेल्या ठरावासाठी हा दरवाजा ठोठावता येतो, आणि तुमच्या बाजूच्या ठरावावर तोच दरवाजा उघडू शकतो.

मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि २०२६च्या जानेवारीतल्या निवडणुकीपर्यंत सभागृहच नव्हतं. प्रस्ताव मांडणारे आयुक्त आणि मान्य करणारे प्रशासक, दोन्ही एकच व्यक्ती. त्या काळात मान्य झालेले रस्ते, पूल आणि रुंदीकरणं यांचे ठराव तुम्ही पाहिले नसतील, कारण त्यावर चर्चा झाली नाही, बातमीही क्वचितच झाली. तुमच्या प्रभागातल्या अशा ठरावांची यादी मागवून नव्या नगरसेवकाच्या हातात ठेवा. त्यालाही बहुधा ती पहिल्यांदाच दिसेल.

कडेची गावं

पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये अकरा आणि जून २०२१ मध्ये आणखी तेवीस गावं आली. त्या तेवीस गावांत मिळकत कर महापालिकेचा, कचरा महापालिकेचा, पण नियोजनासाठी विशेष प्राधिकरण म्हणून सरकारनं पीएमआरडीएला नेमलं. रस्त्याची आखणी एका कार्यालयात, त्याच रस्त्यावरचा दिवा दुसऱ्यात. फुरसुंगी आणि उरुळी देवाची तर महापालिकेत येऊन २०२४ मध्ये पुन्हा बाहेर पडली आणि त्यांची स्वतंत्र नगर परिषद झाली. अशा ठिकाणी घर घेणाऱ्यांनी बिल्डरला एफएसआय विचारण्याआधी एक विचारावं: आज इथलं नियोजन प्राधिकरण कोण, आणि गेल्या पाच वर्षांत ते किती वेळा बदललं? बांधकाम परवानगीच्या पहिल्याच पानावर कार्यालयाचं नाव असतं.

कागद, पैसा आणि सोमवार

पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात लहान कामं सुचवता येतात: पदपथ दुरुस्ती, बाक, बसथांब्याचं छप्पर. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात, साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात. रक्कम लहान असते. लोक तिथे उड्डाणपूल मागतात आणि अर्ज बाद होतो. रस्ता ओलांडायला दुभाजक फोडून उतार मागा, मिळण्याची शक्यता बरी आहे. मुख्य अंदाजपत्रक आयुक्तांकडून स्थायीकडे आणि स्थायीकडून मुख्य सभेकडे जानेवारी ते मार्चमध्ये फिरतं. मोठ्या कामासाठी नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच खात्याच्या प्रमुखाला भेटा. त्यांची यादी तेव्हा तयार होत असते.

फाइल पाहायची असेल तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहेच, त्याला तीस दिवस. पण २०१८च्या शासन आदेशानं जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्यात दर सोमवारी दुपारी तीन ते पाच अभिलेख पाहू देण्याची सोय झाली, ती फार कमी लोक वापरतात. सोमवारी गेलात आणि 'साहेब साइटवर आहेत' हे उत्तर मिळालं, तर तसं लेखी मागा. कागद मागितला की साहेब बऱ्याचदा इमारतीतच सापडतात. फाइल उघडल्यावर नकाशापेक्षा आधी टिपणी वाचा, म्हणजे डाव्या बाजूची हिरव्या-निळ्या शाईतली पानं. कोणी काय शेरा मारला, कोणी नुसतीच सही केली, विरोध कुठे नोंदला गेला, हे तिथे कळतं. मोबाइलवर फोटो काढू देत नसतील तर पान क्रमांक टिपा आणि त्याच पानांच्या प्रती मागा.

२००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली आहे: मतदारांना बोलावून नगरसेवकानं विषय ऐकायचे. आपल्या भागात ती शेवटची कधी झाली, हे विचारून पाहा. मी विचारलं तेव्हा समोरच्यानं मला क्षेत्रसभा म्हणजे काय ते विचारलं.

आणि खिडकीवर जाताना हरकतीच्या दोन प्रती न्या. एक त्यांची, एक तुमची. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. शेवटच्या दिवशी रांग जिन्यापर्यंत येते आणि शिक्क्याची शाई संपते, म्हणून दोन दिवस आधी, जेवणाच्या सुट्टीआधी जा. ईमेलनं पाठवलीत तरी कागद द्याच. सुनावणीचं पत्र कधी कधी सुनावणीच्या आदल्या दिवशी येतं, तेव्हा अर्जावर मोबाइल क्रमांक ठळक लिहा, आणि घरात कोणाला तरी सांगून ठेवा की तपकिरी पाकीट आलं तर ते रद्दीत टाकू नका.